तुम्ही विचारलंत म्हणून: निळं पाणी सोडून खाडीत कशाला?

मी नवी मुंबईच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, चालवते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तारकर्लीला काय सुंदर पाणी आहे, अंदमानला तर तळ दिसतो. तुम्ही आपल्या या खाडीत काय बघता?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, ऑफिसात डबा उघडताना विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय मिटला की विचारतात. त्यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. लोकल वाशीच्या पुलावर आली की दारातून जो वास आत येतो, तेवढीच बहुतेकांची खाडीशी ओळख. माझ्या सासूबाईंनी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "आल्यावर आंघोळ करतेस ना?" एवढंच विचारलं होतं.

याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून मी "या एकदा" म्हणून सुटका करून घेते. येत कुणी नाही. तेव्हा आज सविस्तर.

आधी निळ्या पाण्याचं. ते मला आवडतं, उगाच नाकं मुरडायची गरज नाही. तारकर्लीला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी सकाळी बघत बसावं असं असतं. अंदमानातल्या स्वराजद्वीपच्या कांदळवनात मी कयाक चालवली आहे, आणि तिथे झाडांच्या मुळांमधून पोहणारे मासे वरून मोजता येतात. पण तिथे आपण पाहुणे असतो. कयाक भाड्याची, वेळ अर्धा-पाऊण तास, बोयाच्या पलीकडे गेलं की किनाऱ्यावरचा मुलगा शिट्टी मारणार. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून येणार याची काळजी तो मुलगा करतो. आपण फक्त वल्हं मारायचं आणि फोटो काढून घ्यायचे. सगळी अक्कल त्याची, मजा आपली. मला ती अक्कल हवी होती, आणि ती आठ दिवसांच्या सहलीत मिळत नाही. त्यासाठी पाणी घराजवळ लागतं. नेरुळहून स्कूटर काढली की बेलापूरचं दिवाळे गाव किती लांब! माझी कयाक तिथेच एका ओळखीच्यांच्या पडवीत असते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये दहा फुटी वस्तू उभी बसत नाही आणि आडवीही बसत नाही, याचा शोध आम्ही सहकुटुंब लावलेला आहे.

खाडीतली अक्कल म्हणजे मुख्यतः घड्याळ. मुंबईच्या किनाऱ्याला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. कोळी ओहोटीला सुकती म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणजे दुमजली घराचा पहिला मजला बुडून परत वर यावा एवढं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा हाच खेळ दीड-दोन मीटरवर आटपतो. वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला या हिशेबानं सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरते. थोडं मागंपुढं होतंच, त्यात खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून निघण्याआधी भरतीचं छापील वेळापत्रकही बघायचं. पण स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, हातातला झारा न ठेवता, रविवारी जायला जमेल की नाही हे या पाऊणपटीवर ठरतं. आमच्याकडे दशमी-एकादशी रविवारी आली की मी खूश असते. शेजारणीला वाटतं उपास धरते.

दशमी-एकादशीच का, तर भरती साडेसात-सव्वाआठला. सहाच्या आत दिवाळ्याहून निघायचं, चढत्या पाण्याबरोबर पनवेल खाडीत आत जायचं, पाणी थांबलं की वळायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत. जाताना पाणी नेतं, येताना पाणी आणतं. दंडात फार ताकद लागत नाही, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. मी पन्नाशीची आहे, एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत, दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहिते, व्यायामशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. साधी प्लॅस्टिकची कयाक चांगल्या वल्हवणाऱ्याकडून तासाला पाचेक किलोमीटर जाते. पुलाच्या खांबांमध्ये उधाणाचं पाणी तेवढ्याच ओढीनं उलटं येत असेल तर तुम्ही घाम गाळत जागच्या जागी राहता. खांबावरचं एकच कालव समोर बघत.

आणखी एक गोष्ट इथे कळली, ती निळ्या पाण्यात कुणी सांगितली नव्हती. पाणी सहा तास सारख्या वेगानं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. खाडीच्या ज्या फाट्यात, म्हणजे आत शिरलेल्या चिंचोळ्या शाखेत, आत्ता पुरुषभर पाणी होतं तिथे चहा पिऊन होईस्तोवर चिखलाचा काठ वर आलेला असतो. म्हणून छोट्या फाट्यात शिरायचं ते भरती पूर्ण व्हायच्या आधी, आणि बाहेर यायचं ते उताराच्या पहिल्या तासात. बाकी सगळे नियम मी कधीमधी वाकवते, हा नाही.

त्या फाट्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप. कयाकला वीतभर पाणी पुरतं. जिथे कोळ्यांची होडीसुद्धा जात नाही तिथे ती सरकते. भरतीला कांदळवनाची झाडं कमरेपर्यंत पाण्यात असतात आणि तुम्ही त्यांच्या फांद्यांमधून जाता. आपल्या खाडीत तिवरांचं राज्य आहे. तिवराचं पान उन्हात नीट बघा, पांढरे कण चमकतात. मुळांनी ओढलेल्या खाऱ्या पाण्यातलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. जिभेला लावलं तर मीठच लागतं. (लावू नका. मी एका स्वच्छ जागी एकदाच लावलंय.) कुठे कुठे पांढरी चिप्पी आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रानं तिला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तिची थोडी प्रतिष्ठा वाढली आहे. तिची फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं येऊन जातात आणि सकाळपर्यंत फुलाचा कारभार संपतो. हंगामात तिच्याखालून गेलं तर पाण्यावर पांढरे बारीक केसर पसरलेले असतात, वल्ह्याला चिकटून वर येतात, मांडीवर पडतात. ते झटकताना वर बघितलं की फांदीला नुसता देठाशी उरलेला फुलाचा हिरवा तारा दिसतो.

भरतीला सगळी जनता झाडावर चढलेली असते. निवटी म्हणजे तो चिखलात उड्या मारणारा मासा. पाणी चढलं की तो खोडाला चिकटून बसतो, डोळे वर, आणि कयाकचं नाक अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. हलला की पाण्यात बुडी मारत नाही, पाण्यावरून टप्पे घेत पुढच्या खोडावर जातो. मासा असून पाण्याला एवढा कंटाळलेला प्राणी मी दुसरा पाहिला नाही. खेकडे खोडाच्या मागच्या बाजूला सरकत राहतात. तुम्ही डावीकडे गेलात की ते उजवीकडे. खंड्या ओरडत पुढे उडतो, वळणावर बसतो, आपण पोहोचलो की पुन्हा ओरडत पुढे. बांधावर थंडीत भल्या सकाळी सोनेरी कोल्हाही दिसलेला आहे, सेक्टरांच्या इमारती मागे उभ्या असताना. बिल्डिंगमध्ये सांगितलं तर लोक म्हणाले कुत्रा असेल. असू दे.

पाण्यातून शहर बघितलं की आणखी एक गोष्ट उलगडते. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. त्यानंतर जे नवी मुंबई शहर वसवलं त्याचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मग पावसाचं पाणी जातं कुठे? गटारं थेट खाडीत सोडली तर भरतीला खाडीच गटारातून घरात येईल. म्हणून जागोजागी धारण तलाव केले, त्यांना खाडीच्या बाजूनं झडपा बसवल्या. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. बाहेरून आणलेलं तंत्र म्हणून याचं कौतुक होतं. पण इथल्या आगरी शेतकऱ्यांच्या खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवायच्या बांधांत, पाणी सोडायला उघाडी असायची, तिचंही काम हेच. जुलैत उधाण आणि मुसळधार पाऊस एका दुपारी जमले की रस्त्यावर गुडघाभर पाणी का साचतं, हे तलावाच्या कठड्यावरून दिसत नाही. सुकतीच्या सुरुवातीला खाडीच्या बाजूनं त्या तोंडासमोर या, पाण्याचा लोट बाहेर पडताना दिसतो आणि त्याबरोबर चपला, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या. आपलं आख्खं शहर रोज दोनदा श्वास घेतल्यासारखं या पाण्यावर चालतं आणि आपल्याला त्याची वेळसुद्धा ठाऊक नसते, हे मला फार चमत्कारिक वाटतं. मी खाडीत जाते त्याचं खरं कारण विचाराल तर हेच. अंदमानच्या पाण्यावर माझं काही अवलंबून नाही. या पाण्यावर माझ्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फ्रिज अवलंबून आहे.

आता घाणीचं. आहे. खोटं कशाला बोलू! ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचं सांडपाणी यांनी खाडीची जी दशा केली ती सगळ्यांना माहीत आहे. पण वास दोन प्रकारचे असतात, आणि ते ओळखता यायला हवेत. सडक्या अंड्यासारखा जो येतो तो चिखलाचा स्वतःचा. कांदळवनाच्या चिखलात खाली प्राणवायू नसतो, तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अंदमानच्या कांदळवनातही पाय रुतला की हाच वास येतो, तिथे त्याला निसर्ग म्हणतात. दुसरा वास गटाराचा किंवा रसायनाचा, तो नाकात वेगळा झोंबतो. तो आला की मी वळते, भरती असो नसो. तोंडावर पाणी घेत नाही, हातावर चीर असली तर त्या दिवशी जातच नाही. पुलाच्या खांबांना आणि जुन्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडची असते आणि या पाण्यात ती जखम हमखास चिघळते. म्हणून खांबाला हात लावून थांबायचं नाही, हवा भरायची कयाक तर इथे आणायचीच नाही. पावसाळ्यात मी उतरत नाही. गढूळ पाणी, लेप्टोची भीती, ओंडके, वारा, एक कारण असतं तर विचार केला असता. जून-जुलैत यांत्रिकी बोटींची मासेमारी कायद्यानंच बंद असते. ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते थांबतात तर हौशी बाईला काय घाई?

रोहित पक्ष्यांचं विचारतातच. "फ्लेमिंगोंच्या मधोमध जाता का हो?" नाही, आणि कुणी जाऊही नये. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या भागात पश्चिमेच्या बाजूला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नसतं. त्यातून हे पक्षी चरतात सुकतीला, उघड्या चिखलावर, जिथे कयाक चालतच नाही. जवळ जाऊन थवा उठवला की त्यांचा चरायचा वेळ गेला. पुढच्या भरतीत चिखल बुडाला की उपाशी. हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तिच्यात बसा आणि तिथून मनसोक्त बघा. मी त्याच बोटीतून बघते. धाकटे रोहित (लेसर फ्लेमिंगो) ज्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर माजतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या घाणीमुळे तुम्ही नाक मुरडता तिच्यावरच तुमच्या फोटोंचा गुलाबी रंग पोसला जातो. यावर खूश व्हावं की लाजावं, माझं अजून ठरलेलं नाही.

भीती वाटते का? पाण्याची नाही, चिखलाची वाटते. आपलं पाणी कोमट, वर्षभर कधीही पडलात तरी गारठून मरणार नाही. लाइफ जॅकेट घातलेलं असेल तर वर राहता. पण सुकतीला फाट्यात अडकलात आणि उतरून चालत जाऊ म्हणालात तर मांडीपर्यंत रुतता, आणि मग पुढची भरती येते ती तुमच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी एकच करायचं: कयाकमध्ये बसून राहायचं. ती चिखलावर तरंगल्यासारखी टिकते. जवळ पाणी, टोपी, शिट्टी आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेला फोन हवा, कुणाला कळवायचं आणि पाणी परत यायची वाट बघायची. थंड देशांतल्या लोकांची पुस्तकं वाचली तर ते सगळं गारठ्याविषयी सांगतात. इथे उलट आहे, इथे ऊन मारतं. दहानंतर डोकं तापतं, हात गार पाण्यात बुडवावा म्हटलं तर पाणीही तापलेलं. प्यायचं पाणी मी लागेल त्याच्या दुप्पट नेते आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, त्यांचा उपयोग तीस वर्षांनी झाला. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, हलका. ऊन चढलं की दिशा फिरते आणि दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा चांगलाच जोर धरतो. पनवेल खाडीतून परत येताना तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे वारा समोरून; खाली सुकतीचं पाणी वाऱ्याच्या विरुद्ध जाणारं. दोघं एकमेकांवर घासले की आखूड, उभ्या लाटा उठतात, मोठ्या नसतात पण दर दोन वल्ह्यांनी एक मांडीवर येते. अशात नाक सरळ लाटेवर ठेवायचं आणि कडेकडेनं यायचं. मधल्या खोल पाण्यात बोटींची वाट असते, तिकडे तर एरवीही जायचं नाही. पलीकडे विमानतळाच्या अंगालाही फिरकायचं नाही.

पण हे सगळं मला पुस्तकापेक्षा दिवाळ्याच्या जेट्टीवर जास्त कळलं. तिथे एक काका जाळं विणत बसलेले असतात. मी निघताना ते आधी आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "बाय, वारा सुटायच्या आत ये." बास, हवामान खातं आटोपलं. एकदा त्यांनी डोलीच्या, म्हणजे पाण्यात रोवून जाळं बांधायच्या, खुंटांकडे बोट दाखवून सांगितलं की खुंटाच्या मागे पाणी कसं फाटतं ते बघ, ओढ किती आहे ते कळेल. तेव्हापासून निघायच्या आधी खुंट बघायची सवय लागली. खुंटामागचं पाणी गुळगुळीत असेल तर पाणी थांबलेलं आहे. मागे दोन रेषा उठून लांब जात असतील तर अजून जोर आहे. जाळ्यांच्या तोंडासमोरून कयाक न्यायची नाही, मासे उतरवत असतील तर जेट्टी अडवायची नाही, आणि कुणी होडी ओढत असेल तर गुपचूप जाऊन हात लावायचा. एवढं केलं की त्या गावात तुम्हाला कुणी परकं म्हणत नाही, उलट कधी चार चिंबोऱ्या (खेकडे) बांधून देतात. खाडीतल्या चिंबोऱ्या खाव्यात का, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवरा बाहेरच्या बाजूला दूरवर पकडलेल्या आहेत ना एवढं विचारतो आणि मसाला वाटायला घेतो.

तर, यायचं असेल तर या. पोहता यायला हवं, जॅकेट असलं तरी. पहिल्या वेळी भांगाच्या जवळपासची तिथी धरू, ओढ कमी असते. थंडीतला रविवार, साडेपाचला दिवाळ्याच्या जेट्टीवर. पाच चाळीसला आलात तर मी गेलेली असेन, कारण पाणी पाच चाळीसचं नसतं. चप्पल घालून येऊ नका, ती चिखलात राहते. जुने नाडीचे बूट आणा. आणि घरी जाताना सीटवर अंथरायला एक जुनी चादर, नाहीतर रिक्षावाले बसू देत नाहीत.